आगीचा बंब कोणाच्या ताब्यात?

बडोद्याच्या दांडिया बाजारातून जो बंब घंटा वाजवीत बाहेर पडतो तो महानगरपालिकेचा. बेळगावात आग लागली म्हणजे जो येतो तो कर्नाटक राज्याच्या अग्निशमन खात्याचा. पणजीत, म्हापशात किंवा मडगावात येतो तो गोवा शासनाचा. आणि हैदराबादेतही तो महानगरपालिकेचा नसून राज्याच्या खात्याचा असतो. इंदूरची तऱ्हा या सर्वांहून निराळी. तेथील अग्निशमन दल पुष्कळ वर्षे पोलिसांच्या अखत्यारीत होते, आणि त्याच राज्यातील ग्वाल्हेरीत मात्र तेच काम महानगरपालिका करीत आली. आग सर्वत्र सारखीच जळते, तिच्यावर पाणीही सारखेच पडते. मग तिच्याशी झुंजणाऱ्या माणसाचा पगार कोठे नगराच्या तिजोरीतून, कोठे राज्याच्या, आणि कोठे पोलीस खात्याच्या नावे, असा का निघावा?

प्रश्न वरकरणी कारकुनी वाटतो. ज्याचे घर जळत असते त्याला बंबावरील नाव वाचण्याची सवड नसते. परंतु दल कोणाच्या ताब्यात आहे यावर आग लागल्यानंतर काय घडते हे जितके अवलंबून असते, त्याहून कितीतरी अधिक आग लागण्यापूर्वी काय घडते, किंवा घडत नाही, हे अवलंबून असते.

राज्यघटनेने या बाबतीत वाट दाखविली आहे, सक्ती केलेली नाही. १९९३ साली अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची जोडली. नगरपालिकांकडे देता येतील अशा अठरा कामांची ती यादी असून तिच्यात सातव्या क्रमांकावर अग्निशमन सेवा आहे. मात्र ही कामे राज्याचे विधिमंडळ नगरपालिकांवर सोपवू ‘शकेल’, एवढेच घटनेचे शब्द आहेत. महाराष्ट्र आणि गुजरात यांनी जुन्या मुंबई इलाख्याची परंपरा पुढे चालवून हे काम नगरांकडे ठेवले. कर्नाटकाने त्याच्या कितीतरी आधी, १९६४ साली, कायदा करून राज्याचे अग्निशमन दल उभारले होते. गोव्यात त्यासंबंधीचा कायदा १९८६ सालचा आहे. एकच बेळगाव शहर, पण ते मुंबई इलाख्यातून म्हैसूर राज्यात गेले आणि त्याच्या बंबाचा धनी बदलला.

आग विझविणे हे नगराचे कर्तव्य आहे ही कल्पना मुळात फार जुनी नाही. लंडनमध्ये १६६६ सालच्या प्रचंड अग्निप्रलयानंतर विमा कंपन्या निघाल्या आणि त्यांनी आपापली पथके बाळगली. विमा उतरलेल्या घराच्या दर्शनी भिंतीवर कंपनीच्या चिन्हाचा धातूचा पत्रा ठोकलेला असे. म्हणजे आग विझविणे हा धंद्यातील नुकसान टाळण्याचा भाग होता. नगराने चालविलेल्या शिस्तबद्ध दलाची सुरुवात म्हणून सामान्यतः स्कॉटलंडमधील एडिंबरो शहराचे नाव घेतले जाते. तेथे १८२४ साली जेम्स ब्रेडवुड हा अवघ्या चोवीस वर्षांचा तरुण दलाचा प्रमुख झाला. पुढे तो लंडनला विमा कंपन्यांच्या एकत्रित पथकावर गेला आणि १८६१ साली टूली स्ट्रीटच्या वखारींना लागलेल्या आगीत भिंत अंगावर कोसळून मृत्यू पावला. त्या आगीने कंपन्यांचे इतके नुकसान झाले की हा बोजा यापुढे आपल्याने उचलवणार नाही असे त्यांनी सरकारला कळविले. तेव्हा १८६५ चा कायदा झाला आणि लंडनचे दल सार्वजनिक संस्थेच्या हाती आले. नफातोट्याच्या हिशेबात जे बसेना, ते अखेर नगराच्या पदरात पडले, असा हा इतिहास आहे.

मुंबईत आधी हे काम पोलिसांकडे होते. पोलीस आयुक्ताच्या अनेक कामांतील ते एक. १८८७ च्या सुमारास दलाला स्वतंत्र रूप आले आणि १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाने आगीपासून जीवित व वित्त यांचे रक्षण करणे आणि त्यासाठी अग्निशमन दल ठेवणे ही पालिकेची जबाबदारी ठरली. पुढे १८९० साली लंडनच्या दलातील एका अनुभवी अधिकाऱ्याला आणून प्रमुख नेमण्यात आले. त्या काळी बंब घोडे ओढीत. घोडे गेले, मोटारी आल्या; भायखळ्याचे मुख्यालय आजही दलाचे केंद्रस्थान आहे आणि तो १८८८ चा कायदाही, अनेक दुरुस्त्यांसह, टिकून आहे.

या कायद्यातील एक भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. नगरपालिकेची कामे दोन प्रकारची असतात. काही तिने केलीच पाहिजेत, काही तिला वाटल्यास करता येतात. उद्यान, वाचनालय, नाट्यगृह ही बहुधा ऐच्छिक सदरात मोडतात. अग्निशमन मात्र अनिवार्य सदरात आहे. मुंबईच्या कायद्याचे एकसष्टावे कलम, १९४९ च्या प्रांतिक महानगरपालिका कायद्याचे त्रेसष्टावे कलम आणि महाराष्ट्रातील लहान नगरांसाठी असलेल्या १९६५ च्या कायद्याचे एकोणपन्नासावे कलम, तिन्ही ठिकाणी हाच दंडक आहे. पैसा नाही ही सबब नगरपालिकेला कायद्याने उपलब्ध नाही. व्यवहारात ती रोज सांगितली जाते, हा भाग वेगळा.

दलाचा कारभार चालतो तो असा. नवे केंद्र कोठे उभारावयाचे, किती पदे निर्माण करावयाची, किती लांबीची शिडी विकत घ्यावयाची, याची मंजुरी आणि पैसा महासभा व स्थायी समिती यांच्या हाती. अंमलबजावणी आयुक्ताची, आणि आयुक्त हा राज्य शासनाने नेमलेला अधिकारी. त्याच्या हाताखाली मुख्य अग्निशमन अधिकारी, मग उपप्रमुख, विभागीय अधिकारी, केंद्र अधिकारी, प्रमुख अग्निशामक, यंत्रचालक आणि सर्वांत शेवटी, म्हणजे आगीच्या सर्वांत जवळ, अग्निशामक, ज्याला लोक फायरमन म्हणून ओळखतात. दलातील पुष्कळ माणसे केंद्राच्या आवारातील घरांतच राहतात, आणि ती घरे बांधणे व दुरुस्त ठेवणे हेही पालिकेच्याच माथी असते.

आगीची बातमी येणे याला दलाच्या भाषेत ‘वर्दी’ म्हणतात. वर्दी आली की नियंत्रण कक्षातून जवळच्या केंद्राला हुकूम सुटतो. प्रथम जो अधिकारी पोहोचतो त्याच्याकडे घटनास्थळाची सूत्रे असतात आणि वरिष्ठ येईपर्यंत ती त्याच्याकडेच राहतात. आग किती मोठी आहे हे ठरवून तिला श्रेणी द्यावयाची, आणि श्रेणी चढली की आणखी केंद्रांतून बंब, टँकर व शिड्या मागवावयाच्या, हा निर्णय त्याचा. त्या घटकेला त्याचे अधिकार विलक्षण असतात. तो रस्ता बंद करू शकतो, कोणाचेही दार फोडू शकतो, आग पसरू नये म्हणून शेजारचे बांधकाम पाडू शकतो, आणि आगीच्या जागी दाब वाढावा म्हणून आसपासचे नळ बंद करवू शकतो. या तोडफोडीचे नुकसान विम्याच्या दृष्टीने आगीचेच नुकसान मानावे, असे कलम लंडनच्या १८६५ च्या कायद्यात होते, आणि पुढे आपल्याकडील नगरपालिका कायद्यांतही ते आले. एरवी शंभर सह्यांवाचून खिळा न हलविणाऱ्या पालिकेने आपल्या एका केंद्र अधिकाऱ्याला रात्री दोन वाजता कोणाचेही घर पाडण्याचा अधिकार द्यावा, यातील विश्वास मोठा आहे.

पण हा अधिकार कोठवर पोहोचतो? १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईला याचे उत्तर मिळाले. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज उभे होते. त्याच्या पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटके आणि त्यांच्या सोबतीला कापसाच्या गाठी. दुपारी धूर दिसला. पालिकेचे बंब आले, माणसे नळ्या घेऊन जहाजावर चढली, पाणी ओतू लागली. परंतु धगधगती गाठ नेमकी कोठे आहे ते हाती लागेना. आता करावयाचे काय? जहाज जागीच बुडवावे, ओढून समुद्रात न्यावे, की आहे तेथेच पाणी मारीत राहावे? गोदी पोर्ट ट्रस्टची, स्फोटके लष्कराची, जहाज कप्तानाचे, बंब पालिकेचे. प्रत्येकाचे मत होते आणि कोणाही एकाचा हुकूम सर्वांवर चालत नव्हता. निर्णय होण्याआधीच चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि सुमारे अर्ध्या तासाने दुसरा. मुंबईच्या अग्निशमन दलाचे सहासष्ट जवान त्या दिवशी मृत्युमुखी पडले. त्यांचे स्मारक भायखळ्याच्या मुख्यालयात आहे आणि १४ ते २० एप्रिल हा सप्ताह देशभर अग्निशमन सेवा सप्ताह म्हणून पाळला जातो. सप्ताहात शाळांतून प्रात्यक्षिके होतात, संचलन होते. गोदीच्या धक्क्यावर त्या दुपारी हुकूम द्यावयास कोणी नव्हते, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

विभागलेल्या अधिकाराचा हा दाखला टोकाचा खरा; तथापि लहान प्रमाणात तो रोज घडत असतो. बंबाला पाणी लागते, आणि पाणी पाणीपुरवठा खात्याच्या ताब्यात. रस्त्याकडेचे हायड्रंट डांबराखाली गाडले गेले असतील तर दोष बांधकाम खात्याचा. गल्लीत फेरीवाल्यांच्या आणि मोटारींच्या दाटीमुळे बंब शिरला नाही तर प्रश्न अतिक्रमण विभागाचा आणि वाहतूक पोलिसांचा. दल नगरपालिकेकडेच असावे असे म्हणणाऱ्यांचा सर्वांत बळकट मुद्दा हाच आहे. पाणी, रस्ता, इमारतीचा परवाना आणि बंब ही एकाच घरातील भावंडे असतील तर त्यांचे भांडण निदान एका आयुक्ताच्या टेबलावर मिटविता येते. मुंबईत ९ मे २०१५ रोजी काळबादेवीच्या एका जुन्या इमारतीला आग लागली. त्या दाट वस्तीत झुंजताना दलप्रमुखांसह चार अधिकाऱ्यांनी प्राण गमावले. अशी इमारत, अशी गल्ली आणि तेथील माणसे यांची माहिती नगराला असते, तशी राजधानीतील खात्याला असणे कठीण.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. मुंबईची श्रीमंती सर्वांना लाभलेली नाही. जेथे घरपट्टीची वसुलीच धड होत नाही अशा लहान नगरपालिकेकडे बहुधा एकच बंब असतो. त्याचा चालक कंत्राटी, आणि इतर वेळी तो पाण्याचा टँकर हाकीत असतो. मोठी आग लागली म्हणजे शेजारच्या गावाचा बंब, औद्योगिक वसाहतीचा बंब, साखर कारखान्याचा बंब असे मागवावे लागतात. शहरी भागात पाच ते सात मिनिटांत आणि ग्रामीण भागात वीस मिनिटांत मदत पोहोचावी, अशी अपेक्षा केंद्रीय सल्लागार मंडळाने ठेवली आहे. शेजारच्या तालुक्यातून निघालेल्या बंबाला ती पाळता येत नाही, हे सांगावयास नको. राज्याचे एकच दल असेल तर माणसांची बदली होते, प्रशिक्षण सर्वांना सारखे मिळते, आणि लहान गावालाही मोठ्या शहरासारखीच सामग्री मिळण्याची आशा राहते. गोव्यासारख्या लहान राज्यात ही पद्धत सोयीची ठरली, याचे कारण उघड आहे. तेथे राज्य हेच एखाद्या मोठ्या नगराएवढे. प्रशिक्षणाचा प्रश्न मात्र दोन्ही पद्धतींत केंद्राने काहीसा सोडविला. १९५६ साली रामपूरला स्थापन झालेले आणि पुढच्याच वर्षी नागपुरास आलेले राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय देशभरच्या अधिकाऱ्यांना शिकवीत आले आहे.

दल कोणाचेही असो, गेल्या काही दशकांत त्याच्या कामाचे स्वरूपच पालटले आहे. पुराच्या पाण्यातून माणसे काढणे, पडलेली झाडे हटविणे, कोसळलेल्या घराच्या ढिगाऱ्याखाली शोध घेणे, पतंगाच्या मांज्यात अडकलेली घार सोडविणे, या वर्द्यांची संख्या वाढत गेली. आणि इमारती उंच झाल्या. मुंबईच्या दलाने नव्वद मीटर पोहोचेल अशी शिडी घेतली. म्हणजे फार तर तीस मजले. त्याहून उंच इमारतीत वरच्या मजल्याला आग लागली तर बाहेरून मदत पोहोचत नाही. इमारतीतील स्वतःची टाकी, पंप, नळ आणि मोकळा जिना हीच काय ती आशा. तो पंप चालू आहे की गंजला आहे, जिन्यात सामान रचले आहे की वाट मोकळी आहे, हे पाहणे म्हणजेच आजचे अग्निशमन. बंबाइतकेच महत्त्व आता तपासणीच्या वहीला आले आहे.

महाराष्ट्राने यासाठी २००६ साली कायदा केला. तो २००८ च्या डिसेंबरात अमलात आला. त्यानुसार इमारतीतील आगप्रतिबंधक व्यवस्था चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकावर किंवा भोगवटादारावर आहे, आणि परवानाधारक संस्थेकडून तसा दाखला घेऊन वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलै महिन्यांत, तो सादर करावयाचा असतो. त्रुटी आढळल्यास अधिकारी नोटीस देतो. धोका तातडीचा असेल तर जागा रिकामी करवून तिला टाळे ठोकण्याचाही अधिकार कायद्यात आहे. कायद्याची रचना चांगली आहे. पण तिचा सारा भार एका गृहीतावर आहे: धोका ज्याला दिसतो त्याला टाळे ठोकू दिले जाईल, हे ते गृहीत. मुख्य अग्निशमन अधिकारी हा आयुक्ताचा हाताखालचा माणूस. आयुक्तावर महासभेचा आणि शासनाचा दाब. ज्या उपाहारगृहाला, ज्या मॉलला, ज्या रुग्णालयाला टाळे लागावयाचे असते त्याचे हितसंबंधी या साखळीत कोठे ना कोठे असतात. नगरपालिकेच्या ताब्यातील दलाचे जे बळ, सर्व खाती एका घरात असणे, तेच येथे त्याचे दुबळेपण होते.

२९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर मुंबईच्या कमला मिलच्या आवारातील गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागली आणि चौदा माणसे मेली. तेथील परवाने, गच्चीवरील बांधकाम आणि आगीची तपासणी हे सारे एकाच महापालिकेच्या कक्षेत येणारे विषय होते. दीड वर्षाने, २०१९ च्या मे महिन्यात, सुरतेत एका व्यापारी इमारतीच्या वरच्या मजल्यावरील शिकवणी वर्गाला आग लागून बावीस विद्यार्थी गेले. मग २५ मे २०२४ चा दिवस आला. राजकोटमधील एका खेळघरात सुट्टीच्या दिवशी गर्दी होती. पत्र्याच्या त्या बांधकामाला आग लागली आणि लहान मुलांसह सत्तावीस जण जळून मेले. त्या जागेला अग्निशमन दलाचा ना हरकत दाखला नव्हता. तिकिटे विकण्याचा परवाना मात्र पोलिसांकडून मिळालेला होता. बांधकाम पाडण्याची नोटीस महापालिकेने आधी दिली होती, ती कागदावरच राहिली. नगररचना खाते, अग्निशमन दल, पोलीस. प्रत्येकाच्या दप्तरात कागदाचा एकेक तुकडा होता. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, अधिकारी निलंबित झाले, काहींना अटक झाली आणि त्यांत खुद्द दलाचा प्रमुखही होता.

व्हिक्टोरिया गोदीतील कोंडी काही तासांची होती. राजकोटची महिनोन्‌महिने चालली होती. तेथे आग लागण्याआधी हुकूम देण्यास पुरेसा वेळ होता, अधिकारी होते, कायदाही होता. म्हणून ‘दल नगराचे की राज्याचे’ या वादाला आता निराळे वळण लागले आहे. केंद्राने २०१९ साली राज्यांपुढे एका नमुना विधेयकाचा मसुदा ठेवला. प्रत्येक राज्यात अग्निशमनाचे स्वतंत्र संचालनालय असावे असा त्याचा रोख आहे. महाराष्ट्रात संचालक पूर्वीपासून आहेत, तरी दले नगरांचीच राहिली आहेत. संचालकांचे काम मुख्यतः मानके ठरविण्याचे, परवाने देण्याचे आणि सल्ल्याचे. तपासणीचा हात नगरापासून काहीसा सुटा करावा आणि विझविण्याचा हात नगराकडेच ठेवावा, असा मधला मार्ग निघणे अशक्य नाही. मात्र सुटा केलेला हात राजधानीत बसून राहिला, तर गल्लीतील जिना पाहावयास कोण जाणार, हा प्रश्न पुन्हा उरतोच.

पैशाच्या बाजूने थोडी हालचाल झाली आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार २०२३ च्या जुलैमध्ये राज्यांतील अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी पाच हजार कोटी रुपयांची केंद्रीय योजना जाहीर झाली. केंद्रे, सामग्री आणि प्रशिक्षण यांना तिच्यातून साहाय्य मिळते. नवे बंब येतील, लाल रंगात झळकतील आणि नारळ फोडून त्यांचे स्वागतही होईल. त्यांवर चढणाऱ्या माणसाचा महिन्याचा पगार मात्र नगरपालिकेला आपल्याच अंदाजपत्रकातून काढावा लागेल, आणि तीन पाळ्यांसाठी एका बंबाला माणसे किती लागतात याचा हिशेब अंदाजपत्रकाच्या सभेत सभासदांनी विचारल्याशिवाय तेथे कोणी आपणहून मांडत नाही.